स्वस्त मोटार कोणाला स्वस्त?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील एक टक्क्याचा उपकरही गेला. त्या दसऱ्या-दिवाळीत वर्तमानपत्रांची पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरून गेली आणि सामान्य माणसाच्या दाराशी चारचाकी उभी राहिल्याचे सरकारने जाहीर केले. लिटरला वीस ते पंचवीस किलोमीटर धावणारी, साडेतीन-चार लाखांपासून मिळणारी छोटी मोटार हेच जणू समृद्धीचे दार आहे, असा हा प्रचार होता. त्याची छाननी कोठे करावयाची असेल, तर ती पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात केली पाहिजे. कारण मोटार येथे घडते, आणि ती घडविणारा माणूसही येथेच राहतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामगाराला मोटार हवीशी वाटते याबद्दल त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. भर पावसात नवरा, बायको आणि दोन मुले एका दुचाकीवरून निगडीहून भोसरीला जात असतील, तर डोक्यावर छप्पर असावे ही त्यांची इच्छा चैनीची नव्हे, सुरक्षिततेची आहे. रतन टाटा यांनी ‘नॅनो’ची कल्पना अशाच दृश्यावरून सुचल्याचे सांगितले होते, आणि त्या दृश्याच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्वतःच्या दारात दोन मोटारी उभ्या करून ‘आता रस्त्यावर गर्दी फार झाली’ असे म्हणणाऱ्या सुखवस्तू टीकाकाराशी समाजवाद्यांचे काही नाते नाही. पावसात भिजणाऱ्या कुटुंबाला छप्पर हवे की नको, हा वादच नाही. ते छप्पर त्याने कर्ज काढून एकट्याने विकत घ्यावयाचे की समाजाने सर्वांसाठी उभे करावयाचे, एवढाच वाद आहे.

पिंपरीचा इतिहास या वादावर बराच प्रकाश टाकतो. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि शेतजमिनी भराभर कारखान्यांकडे गेल्या. टेल्को आली, बजाज आली. ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आलेली ‘इंडिका’ ही संपूर्ण भारतीय आराखड्याची पहिली छोटी मोटार. तिची उत्पादनसाखळी ऑस्ट्रेलियातील निसानच्या बंद कारखान्यातून विकत आणून येथे बसविली होती. परक्या देशात निकामी ठरलेल्या यंत्रांतून नवी मोटार उभी करणारे तंत्रज्ञ आणि कामगार हे या पट्ट्याचे खरे भांडवल होय.

‘नॅनो’चा आराखडाही मुख्यतः पुण्याच्याच अभियंत्यांचा. १० जानेवारी २००८ रोजी ती दिल्लीत दाखविली गेली आणि एक लाखाच्या मोटारीने जगाचे डोळे दिपले. ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन आणि लिटरला साडेतेवीस किलोमीटरचा दावा. परंतु ही स्वस्ताई आली कोठून? सिंगूरला तिच्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन संपादित केली गेली. शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प गुजरातेत साणंदला गेला. ते भूसंपादन बेकायदा होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी ठरविले. गुजरात सरकारने या प्रकल्पाला पाचशे कोटींहून अधिक कर्ज दिले, तेही ०.१ टक्का व्याजाने! बियाण्यासाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याला या दराने कर्ज देणारी बँक भारतात अद्याप स्थापन व्हायची आहे. एवढे करूनही वर्षाला अडीच लाख मोटारींची क्षमता असलेल्या त्या कारखान्याची ‘नॅनो’ तिच्या सर्वोत्तम वर्षातही पाऊण लाखाच्या पुढे विकली गेली नाही, आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. ज्या गरिबासाठी ती काढली होती, त्याच्याजवळ एक लाख रुपये नव्हते. ज्याच्याजवळ होते, त्याला गरिबाची मोटार नको होती.

स्वस्त मोटारीच्या किमतीतून काही खर्च वगळलेले असतात, म्हणूनच ती स्वस्त दिसते. पहिला खर्च जमिनीचा आणि सवलतींचा. तो करदाता भरतो. दुसरा रस्त्यांचा, उड्डाणपुलांचा आणि वाहनतळांचा. तो महापालिका भरते, म्हणजे पुन्हा बिनमोटारीचा नागरिकही भरतो. तिसरा खर्च श्रमाचा, आणि तो सर्वांत निर्दय आहे. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार २०२२-२३ साली देशातील नोंदणीकृत कारखान्यांमधील दर दहा कामगारांपैकी चार कंत्राटी होते. एकाच साखळीवर शेजारी शेजारी उभे राहून तोच बोल्ट आवळणाऱ्या दोन माणसांपैकी एक कायम आणि दुसरा कंत्राटी किंवा ‘प्रशिक्षणार्थी’, हे दृश्य या पट्ट्यात कोणाला नवे नाही. दोघांच्या पगारातील अंतर हीच त्या मोटारीवरील खरी सूट होय! टेल्कोच्या कामगारांनी १९८९ साली राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यासमोर उपोषण केले आणि पोलिसांनी ते रात्रीच्या अंधारात मोडून काढले. त्या लढ्याच्या डावपेचांविषयी मतभेद असू शकतील. परंतु कामगाराला जो सन्मान आणि वेतन मिळते ते संघटनेने मिळते, मोटारीच्या खपाने मिळत नाही, हे त्या पिढीला ठाऊक होते.

आता घरचा हिशेब पाहू. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी तीन आणे विरुद्ध पंधरा आण्यांचा वाद उभा केला, तेव्हा त्यांनी सरकारी सरासरीला माणसाच्या ताटापुढे उभे केले होते. तीच रीत येथेही लावून पाहावी. चिखलीला भाड्याच्या खोलीत राहणारा आणि चाकणला कामाला जाणारा कामगार घ्या. त्याने चार लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता साडेसहा हजार रुपये होतो. येऊन-जाऊन तीस किलोमीटर धरले, तर पंचवीस दिवसांचे साडेसातशे किलोमीटर. पुण्यातील वेताळ टेकडीवरच्या संस्थेने प्रमाणित केलेला मायलेजचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. मोशी-चाकणच्या कोंडीत लिटरला अठरा किलोमीटर मिळाले तरी नशीब! म्हणजे बेचाळीस लिटर पेट्रोल, शंभरीपार दराने सव्वाचार हजारांहून अधिक. हप्ता आणि पेट्रोल मिळूनच अकरा हजारांच्या जवळ. विमा, टायर आणि दुरुस्ती निराळी. पंधरा-वीस हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगाराने मग भाडे कशातून द्यावे आणि मुलांची फी कशातून भरावी? त्याचे कंत्राट अकरा महिन्यांचे आणि कर्ज चौऱ्याऐंशी महिन्यांचे. ही समृद्धी नव्हे, ही वेठबिगारी आहे. फक्त सावकाराच्या जागी वित्तकंपनी आली आहे.

‘पण ही मोटार इंधन वाचविते’, असे सांगितले जाते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की, वाफेचे यंत्र काटकसरी झाले म्हणून कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली गोष्ट माणसे अधिक वापरतात. प्रत्येक मोटार थोडे कमी पेट्रोल पिते आणि मोटारी दुपटीने वाढतात, तेव्हा देशाचे तेलाचे बिल खाली येत नाही. काटकसर मोजावयाचीच असेल तर ती माणसामागे मोजली पाहिजे. गर्दीत बस लिटरला तीनच किलोमीटर धावते असे धरले, तरी पन्नास उतारूंना घेऊन ती लिटरमागे दीडशे माणसांचा किलोमीटर पुरा करते. एकटा चालक असलेली सर्वांत काटकसरी मोटार वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही.

याचा खरा साक्षीदार मात्र कोणी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, खुद्द कारखानदार आहे. पहाटे पाच वाजता निगडी, चिंचवड किंवा भोसरीच्या नाक्यावर उभे राहावे. मोटारी बनविणाऱ्या कंपन्या आपले कामगार कशाने नेतात? बसने! स्वतःच्या खिशातून खर्च करावयाचा असला की भांडवलदाराला सामुदायिक वाहतुकीचे अर्थशास्त्र बरोबर समजते. कामगाराने स्वतःच्या खिशातून खर्च करावयाचा असला की मात्र त्याला मोटारीचे स्वातंत्र्य आठवते. आणि त्या कंपनीच्या बसमध्ये ज्याला जागा नाही, तो कंत्राटी कामगार वडापच्या दाराला लोंबकळत जातो.

सरकारचे काय? जून २०२५ मध्ये पीएमपीचे किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा रुपयांवर गेले, आणि दोन्ही शहरांचा मासिक पास नऊशेवरून पंधराशे झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मोटारीवरील कर उतरला. पन्नास माणसे नेणाऱ्या बसवर १८ टक्के आणि एका कुटुंबाच्या छोट्या मोटारीवरही १८ टक्के, अशी ही करसमानता आहे! शहरांना लाख लोकसंख्येमागे साठ बसगाड्या असाव्यात, हा केंद्राच्याच नगरविकास खात्याचा मापदंड आहे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरे मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते. त्या जुन्या आकड्यालाही एकोणतीसशे बसगाड्या लागतात. आज लोकसंख्या कितीतरी वाढली आहे, आणि बसगाड्या दोन हजारांच्या आसपास रेंगाळत आहेत. चाकणसारख्या औद्योगिक केंद्राला ना लोकल आहे, ना मेट्रो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच कामगार बांधवांकडून येईल. मोटारींचा खप घटला तर पिंपरीची चूल पेटणार कशी? आक्षेप गंभीर आहे, त्याला घोषणेने उत्तर देता येणार नाही. परंतु मोटारीच्या खपाने चुलीची हमी दिली आहे काय? तळेगावला जनरल मोटर्सने २००८ साली कारखाना उघडला आणि तेथे छोट्या मोटारी काढल्या. २०१७ अखेर कंपनीने देशातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबविले, आणि सुमारे चौदाशे कामगारांना न्यायासाठी दारोदार फिरावे लागले. पुढे तोच कारखाना दुसऱ्या परदेशी कंपनीने विकत घेतला. यंत्रांना नवा मालक मिळाला, माणसांचे काय झाले याची चौकशी बाजाराने केली नाही. उलट बसगाडीलाही सांगाडा लागतो, प्रेस आणि वेल्डिंग लागते, गिअर आणि ब्रेक लागतात. शिवाय बस रस्त्यावर आली की चालक, वाहक आणि आगारातील कारागीर यांना कायमचे काम लागते. पुणे जिल्ह्याला हजारो बसगाड्या हव्या आहेत, आणि त्या बनविण्याचे कसब याच जिल्ह्यात आहे. मग या दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही, ती का? कारण त्यात हप्ता नाही, व्याज नाही, जाहिरात नाही.

म्हणून पिंपरी-चिंचवडच्या समाजवादी कार्यकर्त्यांनी मोटारीविरुद्ध नव्हे, तर बससाठी उभे राहिले पाहिजे. सार्वजनिक बसवरील कर पूर्णपणे रद्द व्हावा. पीएमपीची भाडेवाढ मागे घेतली जावी आणि तूट भरून काढण्यासाठी औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्यांवर वाहतूक अधिभार बसवावा. तिन्ही पाळ्यांच्या वेळेला चाकण, भोसरी, तळेगावला बस मिळावी, आणि रात्रपाळीच्या स्त्री-कामगाराला ती घराजवळ सोडणारी असावी. कायम आणि कंत्राटी हा भेद निदान कंपनीच्या बसच्या पायरीवर तरी संपावा. समान कामाला समान वेतन ही मागणी तर सर्वांच्या आधी.

या मागण्या क्रांतिकारक वाटत नाहीत, ही त्यांची उणीव नव्हे. चाकणच्या फाटकाबाहेर पत्रक वाटताना त्या दोन वाक्यांत सांगता येतात आणि ऐकणाऱ्याला लगेच पटतात. ज्या दिवशी मोटार घडविणारा माणूस पावसात न भिजता, लोंबकळत न जाता आणि कर्जात न बुडता कामावर पोहोचेल, त्या दिवशी त्याने हौसेने छोटी मोटार घेतली तर तिचे स्वागतच करू. आज मात्र ती त्याच्यावर लादली जात आहे, आणि किंमतही त्याच्याकडूनच वसूल होत आहे.