घरोघरी : च्युइंगम म्हणजे डिंक नव्हे

दिवाळी अंकात या सदराने चकल्या, चिरोटे आणि पणत्या सोडून इतर विषयांना हात लावू नये, असा एक अलिखित नियम आहे. यंदा तो मोडणे भाग पडले, कारण गडचांदूरच्या एका भगिनीचे पत्र. चंद्रपूर जिल्ह्यातले हे गाव सिमेंटच्या कारखान्यांमुळे वाढले. एका अंगाला माणिकगडचे डोंगर आणि जंगल, दुसऱ्या अंगाला चुनखडीच्या खाणी. तिथल्या महिला मंडळाने कोजागरीसाठी एक सभागृह भाड्याने घेतले. सभागृहात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा. दूध आटले, गाणी झाली, आणि कुणा हौशी काकांनी मुलांना च्युइंगमची पुडकी वाटली. दुसऱ्या दिवशी गालिच्यावर मोजून सतरा डाग!

इथवर हे कुठल्याही गावी घडावे असेच. पुढचे मात्र गंभीर आहे. सफाईच्या मावशींनी बादलीभर कढत पाणी आणून डाग ब्रशने खसाखसा घासले. डाग निघण्याऐवजी रुपयाएवढ्याचे बशीएवढे झाले. आता व्यवस्थापक म्हणतात की मंडळाची अनामत रक्कम परत मिळणार नाही, आणि मावशींनी गालिचा बिघडवला म्हणून त्यांच्या पगारातूनही पैसे कापले जातील. पत्राच्या शेवटी आमच्या भगिनी विचारतात, "गालिचा वाचेल का? आणि चूक खरोखर मावशींची का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, बहुधा वाचेल. दुसऱ्याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे, कारण त्यातच पहिल्याची किल्ली आहे.

मावशींनी जे केले ते डिंकाच्या बाबतीत अगदी बरोबर ठरले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात धावड्याचा डिंक मिळतो. खोडाच्या जखमेतून तो पाझरतो आणि वाळून खडा होतो. बाळंतिणीच्या लाडवांत तळून घालतो तोही डिंकच. त्याचा खडा पाण्यात टाकून ठेवा, हळूहळू विरघळतो. पाकिटे चिकटवायची खळ अशीच होई. तेव्हा डिंकाचा डाग कोमट पाण्याने जातो, हे ज्या बाईचा जन्म रानाच्या कडेला गेला तिला कुणी शिकवावे लागत नाही. दुकानदारानेच 'गम' म्हणून विकलेल्या वस्तूला तिने डिंक मानले, यात तिचा काय अपराध?

आपल्या भाषेने मात्र झाडाच्या या पाझराची तीन निराळी नावे ठेवली आहेत, आणि ती उगीच नव्हेत. डिंक पाण्याला वश होतो. राळ पाण्याला दाद देत नाही, तिला टर्पेंटाइन किंवा स्पिरिट लागते. आणि तिसरा तो चीक. फणस चिरायला बसताना विळीला आणि हाताला काय लावता? तेल. पाणी कुणी लावत नाही. कच्चा चिक्कू खाऊन ओठ चिकटले तर पाण्याने कितीही धुवा, फरक पडत नाही. खोबरेलाचे बोट फिरवले की सुटतात.

च्युइंगम या तिसऱ्या घराण्यातले आहे, आणि तेही किती जवळचे! त्याचा मूळ पदार्थ म्हणजे चिक्कूच्याच झाडाचा चीक. डहाणू-घोलवडला ज्याच्या बागा आहेत तेच हे झाड, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. तिकडचे लोक हा चीक फार पूर्वीपासून चघळत आले. मेक्सिकोचे पदच्युत अध्यक्ष सेनापती सांता आना परागंदा होऊन न्यूयॉर्ककडे राहत असताना त्यांच्यामार्फत तो टॉमस ॲडम्स नावाच्या गृहस्थाच्या हाती आला. हेतू होता स्वस्त रबर बनवण्याचा. रबर काही जमले नाही, पण चघळायची वडी जमली आणि १८७१ साली ॲडम्सने ती बनवण्याच्या यंत्राचे पेटंटही घेतले. म्हणजे ज्या वस्तूचे टायर व्हायचे होते ती मुलांच्या तोंडात गेली, आणि तिथून आपल्या गालिच्यावर! आज बहुतेक च्युइंगममध्ये चिक्कूचा चीक नसतो. कारखान्यात बनवलेले रबरासारखे पदार्थ असतात. पण स्वभाव तोच. पाणी त्यात शिरत नाही, म्हणूनच तासभर तोंडात राहूनही ते विरत नाही. साखर आणि वास विरघळून जातात, गोळा उरतो.

या स्वभावातून तीन गोष्टी निघतात. ऊब लागली की तो पसरतो. गारवा लागला की चिक्कीच्या पाकासारखा कडक होऊन तुटतो. आणि तेलकट पदार्थाला तो शरण जातो. च्युइंगम चघळताना चॉकलेट खाल्ले तर त्याचा तोंडातच चुरा होतो, हे मुलांना ठाऊक असते. चॉकलेटातल्या स्निग्धाची ती करामत.

आता कामाला लागू. गडचांदूरला एक काम आधी करायचे, जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. गालिच्यात सिमेंटची धूळ असणार. तिला पाणी लागले की ती धाग्यांत घट्ट बसते. म्हणून गालिचा आधी पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि ओढयंत्राने, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरने, सावकाश झाडून घ्यावा. मगच डागाकडे वळावे. वेळ पहाटेची धरावी. त्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दिवाळीच्या सुमारास पहाट गार असते, तिचा फायदा घ्यावा.

बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे, म्हणजे पाणी गालिच्यावर सांडत नाही. ही पिशवी डागावर दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवावी. बोटाने टोचून पाहावे; दबत असेल तर अजून ठेवावी. दगडासारखा झाला की चमच्याच्या पाठीने हलके ठोकून तडकवावा आणि बोथट सुरीने कडेकडून मध्याकडे उचलावा. तुकडे लगेच यंत्राने ओढून घ्यावेत, कारण ते पुन्हा ऊब धरून दुसरीकडे चिकटतात. ओढाताण मुळीच नको. अशा सभागृहांतले गालिचे बहुधा बारीक फासे विणलेले असतात. स्वेटरचा एक टाका ओढला की ओळ उसवते, तसेच इथेही होते. लांब लव असलेल्या गालिच्यात हट्टी कण राहिलाच तर लवेचे टोक कात्रीने केसभर छाटता येते. फाशांच्या गालिच्याला मात्र कात्री लावू नये.

एवढ्याने डाग बराचसा निघतो. राहतो तो धाग्यांत मुरलेला काळसर चिकटा, आणि कढत पाण्याच्या कृपेने आमच्या भगिनीकडे तो जास्त असणार. त्याला स्निग्ध उपाय. पांढऱ्या फडक्यावर खोबरेलाचे दोन-तीन थेंब घेऊन चिकट्यावर टिपत राहावे, घासू नये. चिकटा सुटला की तेलाचा डाग उरतो. तो भांड्यांच्या पातळ साबणाचा थेंब पाण्यात फेसून त्या फेसाने टिपावा, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसावा. साबण मागे राहिला तर त्यावर पुन्हा धूळ बसते आणि लोक म्हणतात डाग परत आला.

विदर्भातल्या बायकांना आणखी एक उपाय हाताशी आहे. नागपुरी संत्र्याचे साल फुगलेल्या फुग्याजवळ पिळले तर फुगा फट्‌कन फुटतो. हा मुलांचा खेळ आहे. सालीतल्या तेलाने रबर विरघळते, म्हणून फुटतो. तेच तेल च्युइंगमलाही नरम करते. बाजारात संत्र्या-लिंबाच्या तेलाची तयार डागनाशके मिळतात. नुसती साल पिळून सतरा डाग काढण्याचा उत्साह मात्र नको. तेल थेंबभर निघते आणि फिकट गालिच्यावर पिवळेपणा राहू शकतो. कोणतेही द्रव्य असो, आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून रंग सुटतो का ते पाहावे.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांच्या वाटेला जाऊ नये. आगीचे भय तर आहेच, आणि दिवाळीत पणती, उदबत्ती, फुलबाजी कुठे ना कुठे पेटलेली असतेच. शिवाय अशा गालिच्याची पाठ पुष्कळदा रबरी लेपाने जोडलेली असते. च्युइंगम विरघळवणारे द्रव्य तो लेपही विरघळवते. वरून ओतले तर डाग जाईल आणि गालिच्याला फोड येतील. जुनी सतरंजी किंवा जाजम असते तर अंगणात नेऊन मागून-पुढून पाहता आले असते. चिकटवलेल्या गालिच्याची पाठ दिसतच नाही, म्हणून ही सावधगिरी.

कुणी विचारील, मोठ्या शहरांत तर वाफेच्या यंत्राने च्युइंगम काढतात, मग गरम पाण्याने काय बिघडले? ती यंत्रे वाफेने गोळा सैल करतात आणि त्याच क्षणी ओढून घेतात. बादली नुसते सैल करते. सिंगापूरने तर या कटकटीला कंटाळून १९९२ साली च्युइंगमची आयातच बंद केली. आगगाडीच्या दारांना ते चिकटवून लोक गाड्या अडवीत. २००४ पासून औषधी प्रकाराला तेवढी मोकळीक आहे. गडचांदूरच्या महिला मंडळाला इतके टोक गाठायला नको. पुढच्या कोजागरीला काकांच्या हातची पुडकी दारातच काढून घेतली म्हणजे झाले.

राहता राहिला पगार. आमच्या भगिनीने व्यवस्थापकांना भेटून सांगावे की एक डाग आपल्यासमोर काढून दाखवतो. बर्फ घरून न्यावा, मावशींनाही सोबत बसवावे, आणि सुरी त्यांच्याच हाती द्यावी. काम दाखवल्यावर उरलेले सोळा डाग त्या आणि मंडळाच्या दोघी-तिघी मिळून एका सकाळी काढू शकतील. या जादा कामाची मजुरी मावशींना मंडळाने द्यावी, कारण च्युइंगम मंडळाच्या मुलांनी टाकले होते. एखाद-दुसरी सावली राहिलीच तर तेवढीच भरपाई अनामतीतून वळती करण्याचे लेखी ठरवून घ्यावे. आणि व्यवस्थापकांना हेही विचारावे, की असा गालिचा अंथरताना त्याची निगा कशी राखायची हे सफाई करणाऱ्या बाईला कोणी, केव्हा सांगितले होते? उत्तर आले तर ते मला जरूर कळवावे.