मॅकिंटॉश आणि म्हात्रे

यंदाच्या आषाढात माझ्या मामाने खुब्याचे हाड मोडून घेतले. उमेळ्याच्या घराचे मागले दार, दाराबाहेर पायरी, पायरीवर शेवाळ आणि शेवाळावर ७८ वर्षांचे अनवाणी पाऊल. बाकीचे वाचकांनी समजून घ्यावे. पावसात मागल्या दारी जाऊ नका असे मामी पन्नास वर्षे सांगत आली, आणि मामा पन्नास वर्षे जात आला. छत्री नको, रेनकोट नको. "मी काय मिठाचा आहे विरघळायला?" हा त्याचा ठरलेला सवाल. नायगावच्या मिठागरांशेजारी जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभूनही दिसे.

वसईच्या एका इस्पितळात त्याला नेले. मी कॉलेजातला तास सोडून धावतपळत पोहोचलो, तो खोलीत सिस्टर माझ्या मामेभावाच्या मुलाला विचारीत होत्या, "मॅकिंटॉश आणलंत का?"

हा मुलगा संगणकाच्या धंद्यातला. तो गोंधळून म्हणाला, "आहे माझ्याकडे. पण घरी आहे. आजोबांना कशाला लागतो?"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, रबरी चादर! गादीवर घालायची. खाली दुकानात मिळेल, दोन मीटर आणा."

मी खाली गेलो. औषधांच्या दुकानातल्या पोऱ्याने "मॅकिंटॉश ना?" म्हणत तांबड्या रबरी कापडाची गुंडाळी काढली आणि कात्रीने टराटरा दोन मीटर कापून दिले. लहानपणी आपल्या घरात बाळाच्या दुपट्याखाली जे मेणकापड असे, त्याचाच हा शहरी चुलतभाऊ. या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. एखादा शब्द डोक्यात शिरला की तो रात्री झोपू देत नाही, आणि इस्पितळातल्या बाकड्यावर तशीही झोप कुठली!

मॅकिंटॉश हे मुळात एका माणसाचे आडनाव. ग्लासगोचा चार्ल्स मॅकिंटॉश हा रसायनांचा कारखानदार. रंग तयार करण्यासाठी त्याला अमोनिया हवा असे, म्हणून तो गावच्या गॅस कारखान्यातले डांबर विकत घेई. अमोनिया काढून घेतल्यावर त्या डांबरातून नॅफ्था मिळे. या नॅफ्थ्यात रबर विरघळते हे हेरून त्याने ते दोन कापडांच्या मध्ये सारवले आणि १८२३ साली पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. सुरुवातीचे हे रेनकोट थंडीत पुठ्ठ्यासारखे ताठ होत, उन्हात चिकट होत, आणि वासाबद्दल तर न बोललेले बरे. शिंप्याने सुई घातली की त्याच भोकातून पाणी आत. रबर गंधकाबरोबर तापवून पक्के करण्याची युक्ती १८४० नंतर निघाली, तेव्हा कुठे ते अंगावर घालण्याजोगे झाले. पुढे इंग्रजीत रेनकोटालाच मॅकिंटॉश म्हणू लागले. गंमत अशी, की चार्ल्ससाहेब आपल्या नावात 'के' हे अक्षर लिहीत नसे. ते लोकांनी कोटाला परस्पर चिकटवले. कोट मात्र त्यामुळे कोठे गळला नाही.

मुलाच्या संगणकाची गोष्ट याहून आंबटगोड. कॅनडातल्या ऑन्टॅरियोत जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला १८११ च्या सुमारास रान साफ करताना सफरचंदाची काही रोपे सापडली. त्यांतल्या एकाच्या फळाला त्याचे नाव मिळाले. दीडशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेतल्या ॲपल कंपनीत जेफ रस्किन नावाच्या गृहस्थाने नव्या संगणकाला आपल्या आवडत्या सफरचंदाचे नाव द्यायचे ठरवले. पण त्याच आडनावाची एक कंपनी आधीपासून ध्वनियंत्रे विकत होती. म्हणून स्पेलिंग थोडे बदलून घेतले आणि जानेवारी १९८४ मध्ये 'मॅकिंटॉश' बाजारात आला. म्हणजे माणसाचे नाव फळाला आणि फळाचे यंत्राला. आमच्या वसईत याची उलटी तऱ्हा आहे. त्या सिस्टरांच्या छातीवरच्या पट्टीवर 'परेरा' असे होते. पोर्तुगीज भाषेत परेरा म्हणजे नासपतीचे झाड. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज येथे होते, तेव्हापासून हे झाड वसईच्या केळीबागांत माणसांच्या नावाने उभे आहे.

हे सगळे मनात घोळत होते तोवर ठीक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी विम्याच्या खिडकीवरून बोलावणे आले.

मामाच्या मुलाने त्याचा आरोग्यविमा काढून ठेवला होता, तेव्हा पैशांची काळजी नाही असे आम्ही धरून चाललो होतो. खिडकीतल्या बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पॉलिसीवर म्हात्रे या इंग्रजी आडनावाच्या शेवटी नुसता 'ई' होता, आधार कार्डावर 'ए' आणि 'वाय'.

"नावं जुळत नाहीत," बाई म्हणाल्या.

मी म्हटले, "बाई, आडनाव एकच आहे. मराठीत लिहून पाहा."

"मराठीत चालत नाही. सिस्टिम घेत नाही."

मी वीस वर्षे मुलांना भाषाशास्त्र शिकवतो. एकाच उच्चाराची दोन लेखने कशी होतात यावर मी त्यांना पाऊण तास बिनचूक व्याख्यान दिले असते. पण खिडकीमागे रांग होती आणि वरच्या मजल्यावर मामा वेदनेने ओठ चावीत पडला होता. खुब्याच्या हाडाला थांबून चालत नाही. या वयात माणूस अंथरुणाला खिळला की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. "ऑपरेशन उद्याच करू," असे डॉक्टरांनी बजावले होते. विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत ८० हजार आगाऊ भरा, असे खिडकीचे म्हणणे. कंपनीला फोन केला. तेथे एक मंजूळ आवाज आम्हाला अर्धा तास गाणे ऐकवून म्हणाला, की कागद पाठवा, विचार करू.

संध्याकाळी मामी पिशवीतून एक डबा घेऊन आली. हा डबा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. धाकटा मामा १९८१ साली मस्कतहून आला तेव्हा त्यातून चॉकलेटे आणली होती. रंगीत चकचकीत कागदांतली ती चॉकलेटे आम्ही भावंडांनी दोन दिवसांत फस्त केली आणि कागद पुस्तकांत ठेवले. झाकणावर जुन्या पोशाखातला एक शिपाई आणि टोपीवाली बाई. जांभळा रंग जागोजागी उडालेला. काही वर्षे दिवाळीत त्यात चकल्या असत, मग मामीने तो कपाटात नेला आणि घरातले सारे मोलाचे त्यात गेले. तिने झाकण उघडले, तो वर सातबाराचे उतारे, त्याखाली मामाचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेल्या चार बांगड्या.

"या ठेवा कुठेतरी," ती म्हणाली. "आवाज करू नका, त्यांना कळता कामा नये."

मी झाकण हातात घेतले होते. त्यावर 'क्वालिटी स्ट्रीट' या मोठ्या अक्षरांच्या डोक्यावर लहान अक्षरांत लिहिले होते: मॅकिंटॉश. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावी १८९० साली जॉन आणि व्हायोलेट मॅकिंटॉश या नवराबायकोने दुकान काढून टॉफी विकायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाच्या अमदानीत, १९३६ साली, ही चॉकलेटे निघाली. नंतर कारखाना दुसऱ्याला मिळाला, दुसरा १९८८ मध्ये नेस्लेने घेतला. पण ते त्या वेळी मी कोणाला सांगणार? मामीच्या हातांकडे माझे लक्ष गेले. हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या.

बांगड्या ठेवाव्या लागल्या नाहीत. मामेभावाने आणि मी मिळून पैसे भरले. मामीने डब्याचे झाकण लावले ते मात्र फार सावकाश.

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर भेटायला आले. मोकळ्या स्वभावाचे होते. कण्यातून भूल देऊ म्हणाले, "पण वेळ पडली तर घशात नळी घालायचं सामान हाताशी तयार ठेवतो. मॅकिंटॉश असतोच टेबलावर."

मी दचकलोच. "डॉक्टर, ही चादर टेबलावर कशाला?"

ते हसले. चादर नव्हे, जीभ उचलून घशातले स्वरतंतू दाखवणारे वाकडे पाते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट मॅकिंटॉश १९३७ साली ऑक्सफर्डला भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले. एकदा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी रोग्याचे तोंड उघडे ठेवणारे साधन बसवले असता त्यांना स्वरतंतू अवचित स्वच्छ दिसले. त्यावरून त्यांनी हे पाते बेतले आणि १९४३ मध्ये जाहीर केले. अजून ते जगभर वापरात आहे. मामाला आत नेले, तेव्हा अंगाखाली एक मॅकिंटॉश आणि उशाशी दुसरा होता. आम्ही सव्वादोन तास बाहेर बसलो. मामी डबा मांडीवर घेऊन बसली होती. तो घरी ठेवून यायला तिची तयारी नव्हती.

ऑपरेशन नीट झाले. दहाव्या दिवशी मामा उमेळ्याला घरी आला, चौकोनी काठी धरून चार पावले टाकू लागला, आणि पहिल्याच दिवशी मागल्या दारी जाऊन पायरी कोणी घासली का ते पाहून आला.

मग एका शनिवारी मी मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढलो. जेथे बसून मी अर्धे आयुष्य संदर्भ शोधले, ती ही संस्था काढली कोणी? सर जेम्स मॅकिंटॉश! मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे तेव्हाचा मोठा न्यायाधीश. आला त्याच वर्षी, नोव्हेंबर १८०४ मध्ये, त्याने मुंबईची लिटररी सोसायटी स्थापन केली. तीच पुढे एशियाटिक झाली. सोसायटीच्या निबंधांचा पहिला खंड १८१९ साली छापला गेला. त्यात हिंदुस्थानातल्या भाषांचा तौलनिक शब्दसंग्रह कसा करावा याची त्याने आखलेली योजना आहे. दाराशीच उभा असलेला माणूस मला रबरी चादरीवरून फिरून भेटला.

त्याचे घराणे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे, इनव्हर्नेसजवळचे. तिकडची जुनी भाषा गेलिक. तिच्यात या आडनावाचा उच्चार साधारण 'मॅक अन तोशिख'. 'मॅक' म्हणजे मुलगा. मुलगी असेल तर 'मॅक' जाऊन 'निक' येते. आणि 'तोशख' म्हणजे पुढे असलेला, पहिला, कुळाचा मुख्य. आयर्लंडच्या पंतप्रधानाला १९३७ पासून म्हणतात तो शब्दही हाच, फक्त उच्चार तिकडचा. थोडक्यात, मॅकिंटॉश म्हणजे मुख्याचा मुलगा. हल्ली कोणी म्हणतात की 'मॅक' लिहिले तर स्कॉटिश आणि 'एम्‌ सी' लिहिले तर आयरिश. तसे काही नाही. दुसरे पहिल्याचेच आखूड रूप आहे. ही नावे लिहिणाऱ्यांनी हवी तशी लिहिली, आणि एकाच कुळाची चार स्पेलिंगे झाली.

आता आमचे म्हात्रे घ्या. म्हात्रे या शब्दाचे मूळ 'महत्तर' या संस्कृत शब्दात दाखवतात. महत्तर म्हणजे गावातला मोठा, वडीलधारा, ज्याच्या शब्दाला मान आहे असा. राष्ट्रकूट राजांचे ताम्रपट पाहा. राजा जमीन दान देतो तेव्हा राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट अशी अधिकाऱ्यांची उतरंड सांगत शेवटी 'महत्तर आदींना' कळवतो की ही जमीन आता अमक्याची. कारण उद्या तंटा झाला तर साक्ष कोणाची? महत्तरांची. इकडे स्कॉटलंडमध्ये डीअरच्या मठात एक जुनी पोथी होती. तिच्या समासात १२ व्या शतकात गेलिक भाषेत मठाला मिळालेल्या जमिनींची टिपणे लिहिली आहेत, आणि देणाऱ्यांत 'तोशख' आहे. दोन टोकांच्या दोन भाषा, एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या. पण जमिनीचा कागद झाला की दोन्हीकडे हाच माणूस लागे.

हे मी मामाला सांगितले तेव्हा तो ओटीवर पाय लांब करून बसला होता. सगळे ऐकून म्हणाला, "म्हणजे मी मॅकिंटॉशच की!"

"अर्थाने म्हटलं तर हो."

"आणि ही पाटलांची," मामीकडे बोट दाखवून तो म्हणाला. "तरी एक सही कोणी धरीना." आणि मग जरा वेळाने, समोरच्या उंच इमारतीकडे पाहत, "माझ्या बापाच्या शब्दावर या गावात बांध सरकायचा थांबला आहे, अरे. कागद नव्हता हातात."

विम्याचे काय झाले? वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले. वकिलाच्या कारकुनाने ते निष्ठेने मराठीत टंकले: 'म्हात्रे आणि म्हात्रे या नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' मामाने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि खाली सही केली. शाळेच्या दाखल्याची प्रत जोडली. त्यावर जिल्हा ठाणे आहे, आता आमचा जिल्हा २०१४ पासून पालघर. तेव्हा त्याचाही एक खुलासा लिहिला. सगळे पाकीट श्रावणात रवाना केले.

परवा हा लेख लिहायला घेतला आणि उमेळ्याहून मामीचा फोन आला, पत्र आले आहे म्हणून. मी गेलो. कंपनीने आपली हरकत मागे घेतली होती, मूळ बिले मागवली होती, रक्कम महिन्याभरात मिळेल असे कळवले होते. मामी पत्र डब्यात ठेवायला निघाली. मामाने ते तिच्या हातातून घेतले, पाकीट डोळ्यांशी धरले आणि पत्त्यावरच्या इंग्रजी आडनावावर नखाने खूण केली. त्यात 'एच' नव्हता.

"मात्रे," तो मोठ्याने वाचीत म्हणाला. "आता हा कोण?"