शुद्धतेची साखळी

परवा नांदेडास आमच्या सूनबाईंनी ओठांच्या लालीची डबी पुढे करून विचारले, "मामंजी, ह्यात चरबी तर नसेल ना?" शेजारच्या आपांचाही प्रश्न तोच, शब्द मात्र निराळे: "हे हलाल आहे काय?"

वाचकहो, डोळ्यांनी ह्याचा निर्णय होत नाही. ग्लिसरीन चरबीपासून निघते, तसेच तेलापासूनही. दिसावयास दोन्ही एकच. कार्मिन हा तांबडा रंग कोचिनील नामक किड्यांपासून करतात. म्हणून विचारावयाचे ते डबीस नव्हे, तिच्या उगमास. पदार्थ कोठला, जनावर कसे कापले, भांडी व कोठारे डुकराच्या चरबीपासून वेगळी राखली काय, ह्याची नोंद हलालाच्या व्यवहारात टप्प्याटप्प्यास ठेवावी लागते. एक दुवा निसटला की प्रमाणपत्र फोल! सोवळे जाणणाऱ्या गृहिणीस हे निराळे सांगणे नलगे.

१९२० च्या सुमारास अर्देशिर गोदरेज ह्यांनी चरबीवाचून, वनस्पतितेलाचा साबण काढिला. इंडोनेशियाच्या २०१४ च्या हलाल-कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधनेही येतात. लातूरच्या सोयाबीन तेलालाही अशी वाट मोकळी आहे. मात्र वहीखाते चोख हवे.

सूनबाईंस म्हटले, "वेष्टन वाचा, न उमगल्यास कारखान्यास पत्र लिहा." विचारणारे वाढले म्हणजे सांगणारेही सरळ सांगू लागतात.