मिठागर पडीक कुणी केलं?

गाववाल्यांनो,

विक्रोळीच्या पुढचं स्टेशन कांजूरमार्ग. तिथून भांडुप, मुलुंडपर्यंत खाडीच्या अंगाला मिठागरं आहेत. त्यातली 255.9 एकर जमीन धारावी प्रकल्पाला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचं राज्याच्या मंत्रिमंडळाने 30 सप्टेंबर 2024 ला ठरवलं. कांजूरची 120.5, भांडुपची 76.9, मुलुंडची 58.5. धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांना इथे भाड्याच्या घरात आणायचं.

प्रकल्पाच्या कंपनीत अदानींचा वाटा 80 टक्के, सरकारचा 20. याला भागीदारी म्हणतात. आपल्यात बटईने जमीन दिली तरी मालक निम्मं पीक मागतो. इथे जमीन जनतेची, कायदा सरकारचा, पोलीस सरकारचे, आणि वाटा वीस!

तुम्ही म्हणाल, धारावी कुठे आणि आपला पाडा कुठे. ऐका तर.

सरकारी बाजू अशी की ही मिठागरं हायवेच्या अलीकडे आहेत, भरतीचं पाणी आता पोचत नाही, मीठ पिकत नाही, म्हणजे जमीन निकामी. अरे, पण पाण्याची वाट कुणी अडवली? आधी रस्ता घालायचा, पाणी तोडायचं, मग म्हणायचं जमीन मेली. आपल्याकडे जंगलखात्याने हेच केलं. मिश्र जंगल तोडून साग लावला, आणि आता नकाशावर 'विरळ जंगल' दाखवून दोष आपल्या कुऱ्हाडीला. पडीक जमीन आपोआप होत नाही, ती कागदावर केली जाते. मीठ नाही पिकलं तरी खोलगट खाजण पावसाचं पाणी धरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तसा पुन्हा पडला आणि मिठागरावर टॉवर असले, तर पाणी कुणाच्या घरात शिरेल? वरच्या मजल्यावर तर नाही ना चढणार.

मुलुंडचे काही लोक म्हणतात, धारावीवाले आमच्याकडे नकोत. आमचं भांडण ते नाही. धारावीचा माणूस आपल्यासारखाच तारखेने कापलाय. 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून तळमजल्यावर राहतो त्याला धारावीत घर, नंतरचा किंवा माळ्यावरचा तो बाहेर. आपल्याला 13 डिसेंबर 2005 ची तारीख लावली, पुरावा आणा म्हणाले. एकाच घरात बाप पात्र आणि पोरगा अपात्र. मोकळी होणारी धारावी बांद्र्याच्या शेजारी आहे, तिचा भाव काय ते कंपनीला बरोबर ठाऊक. गरिबाला मिठागर, कंपनीला बांद्र्याची बाजू.

आणि विक्रोळीचंच बघा. बुलेट ट्रेनला गोदरेज कंपनीची सुमारे 10 एकर जमीन गेली, मोबदला ठरला 264 कोटी. कंपनी हायकोर्टात गेली, फेब्रुवारी 2023 मध्ये हरली. हरली, पण तिचं ऐकायला न्यायाधीश बसले. त्याच गाडीला पालघरच्या कितीतरी ग्रामसभांनी नाही म्हटलं होतं. ते ठराव कुठल्या कपाटात आहेत, कुणी सांगेल?

म्हणून आमचं सांगणं. मोजणीवाले, ड्रोनवाले पाड्यात आले की आधी विचारा, नोंद काय लिहिता? 'पडीक', 'रिकामी', 'अतिक्रमण' यातला एकही शब्द दिसला तर पंचनाम्यावर अंगठा नाही, सही नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत जंगलजमिनीवरून दावेदाराला हलवता येत नाही. हे गार्डला तोंडावर सांगा, साहेबाला लेखी द्या. लगेच ग्रामसभा लावा. कोरमला निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, तेव्हा बायांना चुलीपाशी ठेवून ठराव करू नका, तो पडतो. ठरावाची पोच शिक्क्यासकट घ्या, एक प्रत संघटनेकडे द्या. ज्या पाड्यांचे सामूहिक दावे अजून भरलेले नाहीत त्यांनी ते पावसाआधी भरावेत. फॉर्म आमच्याकडे आहेत, लिहायला आम्ही येऊ.