नव्या सिस्टरला पहिले तीन महिने जादा धरा

नवी सिस्टर रुजू झाली की दुसऱ्याच आठवड्यात तिची नाईट लागते, आणि ड्यूटीच्या तक्त्यावर ती एक पूर्ण माणूस म्हणून मोजली जाते. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर माझी मागणी एवढीच आहे : पहिले तीन महिने तिला जादा धरा, जुन्या सिस्टरच्या जोडीनंच ड्यूटी द्या.

१. माझ्या नोकरीचा नववा दिवस. ३२ खाटा, मी आणि एक मावशी. सकाळचे साडेसहा वाजलेले, तासाभरात पुढच्या पाळीला ओव्हर द्यायचा. दोन सलाईन एकदमच संपत आलेल्या, कोपऱ्यातल्या पेशंटला धाप लागलेली. शेजारशेजारच्या खाटांवर दोन शिंदे आजोबा. इन्सुलिन भरून मी एकांच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला, तेवढ्यात ते म्हणाले, "पोरी, मला शुगर नाही. ते पलीकडच्या शिंद्यांना असतं." हात तिथंच थांबला. उपाशीपोटी, मधुमेह नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते गेलं असतं तर शुगर उतरून ते बेशुद्ध पडले असते. नाव विचारायचं, हातावरची पट्टी बघायची, केसपेपरशी ताडायचं, हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते. पण पाठ असणं आणि हाताला वळण पडणं यांत काही महिने जातात. ते महिने कुणाच्या जिवावर काढायचे?

२. मनुष्यबळाचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, इतरत्र पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के वेगळ्या. माझ्या त्या रात्रीशी हे ताडून बघा.

३. पगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं २०१६ साली शिफारस केली : २००हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, आणि ५०हून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. आजही कितीतरी मुली याहून कमी पगारावर नाईट करतात. वर्षभरात हात बसला की त्या सरकारी भरतीला नाहीतर आखाती देशांत जातात, आणि वॉर्डात पुन्हा नवीच मुलगी एकटी उभी राहते.

४. या कामातलं सुख मोठं आहे, आणि मला ते सांगायचंच आहे. पक्षाघाताच्या एका आजींना घरून आणलं तेव्हाच बेडसोर झालेला होता, माकडहाडावर तळहाताएवढी जखम. माझ्याबरोबरची नवी मुलगी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, ड्रेसिंग करायची, चमच्यानं वरण भरवायची. तीन आठवड्यांनी जखमेच्या कडेनं गुलाबी मांस धरायला लागलं. तिनं मला हात धरून नेऊन दाखवलं. बोलता न येणाऱ्या आजी तिच्या गालावरून हात फिरवत होत्या. अशा दिवशी पायांतल्या कळा आठवत नाहीत. पण दर दोन तासांनी कूस बदलायला दोन माणसं लागतात. तेवढी माणसं होती म्हणून जखम भरू लागली. माणसं कमी केली की पेशंटची सेवा तर जातेच, सिस्टरचं हे सुखही जातं, आणि मग तिला थांबवून ठेवायला उरतं काय?

५. नातेवाइकांनो, औषधाला उशीर झाला की समोर दिसते ती सिस्टर, म्हणून ओरडा तिलाच बसतो. त्याआधी भरती करतानाच विचारा, "रात्री या वॉर्डात सिस्टर किती असतात? त्यातल्या नव्या किती?" सरकारी रुग्णालय असेल तर हाच प्रश्न रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या, आणि पोच घ्या. आम्ही आतून जादा माणसं मागितली की ती कर्मचाऱ्यांची तक्रार ठरते. तुम्ही विचारलंत तर त्याचं उत्तर द्यावं लागेल.