पित्त, बांगडा आणि डीबगिंग

गेल्या महिन्यात बांगडा खाल्ला आणि तासाभरात अंगभर पित्त उठलं. आई आमसूल घेऊन धावली, मी गुगल उघडलं!

बांगड्यात हिस्टिडीन भरपूर. बर्फ कमी पडला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ते शिजवूनही जात नाही. घाट चढून पुण्यात येणाऱ्या मासळीचं हे दुखणं कुणालाही होऊ शकतं.

मी मात्र दोन वर्षांची पोटफुगी, डोकेदुखीही 'हिस्टामीन इनटॉलरन्स' ठरवून टोमॅटो, वांगं, दही, इडली एकदम बंद केलं. आतड्यातलं डीएओ एन्झाइम कमी पडतं म्हणे. पण नुसत्या रक्ततपासणीवर ते पक्कं ठरत नाही.

दहा ओळी एकदम बदलून बग सापडतो का? डॉक्टरांना विचारून तीन आठवडे पथ्य, मग एकेक पदार्थ परत, वहीत नोंद. मला हेच पटतं.

काल इडली खाल्ली. अजून तरी ठीक. उद्या दही.