घरची शाळा आणि तिचे टीकाकार

मुलाला शाळेंत न धाडतां घरींच शिकवावें, असा निश्चय करणारीं कुटुंबें आपल्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे अधूनमधून आढळूं लागलीं आहेत. त्यांतल्या कांहीं कुटुंबांत या निश्चयाचें मूळ मुलाच्याच ओढींत असतें. घरांतला कचरा कोठें जातो, नळाचें पाणी कोठून येतें, प्लास्टिकची पिशवी कुजत कां नाहीं, हे प्रश्न त्या मुलाला स्वस्थ बसूं देत नाहींत. आणि सृष्टीला उपद्रव न देतां कसें जगावें याच जिज्ञासेभोंवतीं त्याचें सारें शिक्षण रचावें, असें आईबाप ठरवितात. असें एखादें कुटुंब दिसलें कीं आप्तेष्ट, शेजारी आणि शिक्षक या साऱ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात. 'हें खूळ आहे', 'मुलाचें वाटोळें होणार', हे शेरे तर ठरलेलेच. आमच्या मतें या टीकेंत विचारापेक्षां संवयीचा भाग अधिक आहे. टीकाकारांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. त्याचा विचार आम्ही शेवटीं करणारच आहों.

प्रथम, ज्या शाळेच्या कैवारानें हा ओरडा होतो ती शाळा या विषयाचें काय करते तें पाहूं. पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून सक्तीनें द्यावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं दिला, आणि त्याच्या अंमलबजावणीविषयीं २००३ सालीं पुन्हां बजावलें. धडे आहेत, वह्या आहेत, गुणही आहेत. पण त्या गुणांसाठीं होतें काय? 'वसुंधरा वाचवा' या विषयावर प्रकल्प करून आणण्याचें फर्मान सुटतें. वडील कचेरींतून परततांना थर्मोकोलचा तक्ता आणि चमकीचा कागद विकत आणतात. आई रात्रीं अकरापर्यंत जागून थर्मोकोलचे डोंगर कापते. आणि सकाळीं मूल ती वसुंधरा प्लास्टिकच्या पिशवींत घालून शाळेंत नेतें. आठ दिवसांनीं ती शाळेमागच्या उकिरड्यावर जाऊन पडते. याच थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर व सजावटीच्या सामानावर महाराष्ट्र सरकारला २०१८ सालीं बंदी घालावी लागली, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. यांत शिक्षकांचा दोष आम्ही मानीत नाहीं. पन्नास-साठ मुलांचा वर्ग आणि पाऊण तासाला वाजणारी घंटा यांच्या कैचींत सांपडलेला शिक्षक दुसरें काय करणार? दोष आहे तो या समजुतीचा, कीं ज्याचें सारें सार आचरणांत आहे तो विषय गुणपत्रिकेच्या एका रकान्यांत बसवितां येतो.

आतां हाच विषय घरांत कसा शिकतां येतो तें पाहावें. स्वयंपाकघरांतल्या सालीं आणि देंठ पिंपांत टाकून खत करावयाचें ठरविलें कीं पहिल्या पंधरवड्यांतच बहुधा दुर्गंधी सुटते व चिलटें होतात. मूल विचारतें, असें कां? उत्तर शोधतां शोधतां त्याला कळतें कीं, कचरा कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना नत्राच्या एका भागास कार्बनचे सुमारें ३० भाग लागतात. भाजीच्या ओल्या कचऱ्यांत नत्राचें प्रमाण अधिक, म्हणून त्यांत वाळला पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावा लागतो. वर हवा खेळती नसेल तर हवेवांचून जगणारे दुसरेच जंतु माजतात, आणि घाण येते ती त्यांच्या करणीनें. ढीग पुरेसा मोठा असला तर तो आंतून ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. रोज तापमापक खुपसून आंकडे वहींत मांडले कीं आलेख काढावयास मूल आपण होऊन बसतें. रसायन, जीवशास्त्र आणि गुणोत्तर हीं तिन्ही एका पिंपांत सांपडलीं, आणि धड्याची परीक्षा घेण्यास नाक पुरें झालें.

पावसाचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतें बरोबर एक लिटर. एवढें सूत्र हातीं आलें म्हणजे दहा वर्षांचें मूलही हिशेब करूं शकतें. पुण्यास वर्षाकांठीं सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी पडतें. शहरांतल्या माणसास दररोज १३५ लिटर हें सरकारी मान धरलें तर चौघांच्या कुटुंबास दिवसाला ५४० लिटर लागतें. तेव्हां गच्चीवरचें सगळें पाणी धरतां आलें तर तें सुमारें १३० दिवस पुरेल. सगळें अर्थातच धरतां येत नाहीं. कांहीं उडून जातें, कांहीं वाहून जातें. शिवाय पाऊस पडतो तो मुख्यतः चार महिने. उरलेल्या आठ महिन्यांसाठीं पाणी सांठवावें कोठें? येथें गणित संपून भूगोल सुरू होतो, आणि भूगोलाच्या पाठोपाठ इतिहास येतो. धरणासाठीं जमिनी जाऊं नयेत म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत हाहाकार उडाला. पाण्याचा माग काढीत या घटनांपर्यंत आलेल्या मुलाला सनावळ्या घोकाव्या लागत नाहींत.

टीकाकार म्हणतात, हें बेकायदेशीर आहे. २००९ सालच्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य ठरविलें आहे, हें खरें. परंतु तें न करणाऱ्या पालकास त्या कायद्यानें शिक्षा सांगितलेली नाहीं. तो कायदा झाला तो ज्यांना शाळेचें दारच बंद होतें त्यांच्या कैवारासाठीं. मन लावून शिकविणाऱ्या आईबापांवर पहारा ठेवण्यासाठीं नव्हे. परीक्षेची चिंता असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ सालीं स्थापन झाली आहे, आणि घरीं शिकलेल्या मुलांना तिच्या दहावी-बारावीच्या परीक्षांस बसतां येतें.

दुसरे म्हणतात, हें विलायती खूळ आहे. त्यांच्या स्मरणशक्तीची आम्हांस कींव येते. हाताच्या कामांतून शिक्षण द्यावें हा विचार गांधीजींनीं १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेपुढें मांडला. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें आणि पुढें अनुताई वाघांसह तें कोसबाडास नेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या बायांनीं शाळाच कुरणांत नेली. ज्या महाराष्ट्रानें हें पाहिलें आहे त्यानें शाळा म्हणजे चार भिंती व एक घंटा असें मानावें, हें नवलच म्हणावयाचें.

तिसरे म्हणतात, मुलाची ओढ आज आहे, उद्यां नाहीं. १९०८ सालीं मुंबईच्या एका लहान मुलाला शिकारींत गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी सांपडली. ती घेऊन तो बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला झिडकारलें नाहीं, तर जपून ठेवलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह उघडून दाखविला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. हा मुलगा शाळेंत जात होता, हें आम्ही विसरलों नाहीं. पण त्याच्या आयुष्याला वळण लागलें तें त्या कपाटांपुढें. ओढ क्षणिक असते ती तिला शिस्त लावणारें वडीलधारें माणूस भेटत नाहीं म्हणून. घरच्या शाळेंत आईबापांचें मुख्य काम हेंच.

येथवर आम्हीं घरच्या शाळेची बाजू घेतली. आतां त्या खऱ्या आक्षेपाकडे वळूं. शाळेंत, ती कितीही निरस असली तरी, मूल आपल्याहून निराळ्या स्थितींतल्या मुलांशेजारीं बसतें, निदान बसण्याचा संभव तरी असतो. घरच्या शाळेंत तोही संभव जातो. आणि पर्यावरणाच्या आवडीला तर एक निराळाच रोग जडतो. बांबूचा दांतघांसणीचा ब्रश, ज्यूटची पिशवी, तांब्याची बाटली अशी खरेदी झाली कीं घर पावन झालें, असें आईबापांना वाटूं लागतें. आणि मूल शिकतें काय, तर सृष्टीचें रक्षण ही पैसेवाल्यांनीं दुकानांतून आणावयाची वस्तु आहे. असल्या शिक्षणापेक्षां थर्मोकोलचा डोंगर बरा. निदान तो शहाणपणाचा आव तरी आणीत नाहीं.

या रोगावर औषध एकच. मुलाच्या ओढीला उंबऱ्याबाहेर, ती जेथें जाऊं पाहाते तेथवर जाऊं द्यावें. आपला कचरा कोण उचलतें हें त्याला नांवानिशीं ठाऊक असावें. पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं १९९३ सालीं आपली पंचायत उभारली, आणि २००८ सालीं त्यांच्याच सहकारी संस्थेनें महापालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम पत्करलें. त्या बायांबरोबर मुलानें एक सकाळ काढावी. ओला-सुका वेगळा न केलेल्या डब्यांत त्यांचे हात कशांत जातात तें पाहावें. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें ज्यांच्या दारीं टाकला गेला त्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांत जाऊन तेथील विहिरींविषयीं गांवकऱ्यांना विचारावें. गच्चीवरचें खत आणि हीं गांवें यांचा संबंध ज्या मुलाच्या ध्यानांत आला, तें मूल समाजाला मुकलें असें म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं.

आणखी एक गोष्ट आईबापांतील बापांस सांगावयाची आहे. घरची शाळा म्हणतां म्हणतां ती आईची शाळा होऊन बसते. आई नोकरी सोडते, पिंप ढवळते, वह्या तपासते. वडील संध्याकाळीं येऊन पाहुण्यांपुढें प्रयोगाचें कौतुक करतात. कष्ट एकानें करावे व तत्त्वज्ञान दुसऱ्यानें सांगावें, हा धडा ज्या घरांत रोज गिरविला जातो त्या घरांत पृथ्वीच्या भाराविषयीं बोलण्यांत अर्थ नाहीं.

सारांश, समाजानें या कुटुंबांच्या वाटेंत हटवादानें आडवें येऊं नये; आणि त्या कुटुंबांनींही केवळ शाळा सोडली एवढ्यावर धन्यता मानूं नये. वर्षाअखेर मुलास तीन प्रश्न विचारावे: तूं स्वतःच्या हातांनीं काय केलेंस? त्याचें मोजमाप कोठें लिहिलें आहेस? आणि तुझ्या घरच्या सोयीसाठीं कोण राबतें? तिन्हींचीं उत्तरें ज्याला देतां येतील त्याच्या शिक्षणाची काळजी करण्याचें टीकाकारांस कारण नाहीं. तीं देतां आलीं नाहींत, तर मात्र मुलाचें नांव खुशाल जवळच्या शाळेंत घालावें. आम्ही त्याच्या आईबापांची बाजू घेणार नाहीं.